सगळ्यांचे चोवीस

१ एप्रिल, मंगळवार

ही वही अनन्या मॅडमनी दिली. एक मला, एक आसारामला. आज आपण मुकादम म्हणून काय केलं ते रोज घरी गेल्यावर लिहायचं. मी विचारलं, तपासणार का? म्हणाल्या, नाही नाना, ही तुमची खाजगी वही, तुमच्याशिवाय कुणी वाचायची नाही. जी वही कुणी तपासणार नाही ती लिहायची कशाला, ते कळलं नाही. पण आसारामने लिहिलं आणि मी नाही, असं व्हायला नको.

पहिल्या पानावर आपली माहिती लिहावी असं मास्तर सांगायचे. नाव कानिफनाथ. वय सहासष्ट. शिक्षण सातवी नापास. मिरजगावच्या बाहेर हायवेला लिंबाची शेड आहे, तिथे एकोणतीस वर्षं मुकादम. आसपासच्या गावांतून लिंबू येतं, बायका ते निवडतात, म्हणजे मोठं, मध्यम, बारीक आणि टाकाऊ असं वेगळं करून कॅरेटात भरतात, आणि संध्याकाळी गाडी पुण्याला जाते. दोन टोळ्या आहेत, दहा दहा बायकांच्या. एक माझी, एक आसारामची.

जानेवारीत शेड नव्या कंपनीने घेतली. त्यांनी अनन्या मॅडमना नेमलं. नगरच्या आहेत, वय सव्वीस, मोठं शिक्षण. आज त्यांनी दोघांना बसवून सांगितलं की माझी टोळी मागे आहे. ३० एप्रिलपर्यंत, महिन्यातल्या चांगल्यात चांगल्या सहा दिवसांची बेरीज धरून, ती आसारामच्या बरोबरीला आली नाही तर माझी टोळी त्याच्या हाताखाली जाईल आणि मी घरी.

मी म्हणालो, येईल. माझ्या टोळीने गाडी भरण्यात कधी दुसरा नंबर घेतलेला नाही. त्या म्हणाल्या, कधीची गोष्ट? मी म्हणालो, आसाराम शाळेत होता तेव्हाची.

३ एप्रिल, गुरुवार

भिंतीवर पांढरा फळा लावला आहे. प्रत्येक बाईला तिच्या नावाच्या चिठ्ठ्या दिल्या. कॅरेट भरलं की आपली चिठ्ठी आत टाकायची. संध्याकाळी मॅडम चिठ्ठ्या मोजून आकडा फळ्यावर लिहितात. खोटी चिठ्ठी सापडली तर त्या बाईचं काम बंद.

आज माझ्या टोळीतल्या मोनिकाचे एकोणतीस. ती सगळ्यांत पुढे. बारावी झालेली आहे, हात मशीनसारखा चालतो. छबूबाईचे बारा. छबूबाई माझ्या वयाची, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. माझ्या टोळीचे एकूण दोनशे आठ. आसारामचे दोनशे एकोणतीस.

आसाराम दिवसभर उलट्या कॅरेटावर बसून होता. बायकांना विचारत होता, "आज कसं करायचं गं? आधी मोठी रास घ्यायची का बारकी?" मुकादमाने बायकांना विचारायचं! त्याचा बाप इथेच कडक मुकादम होता, त्याची आठवण होऊन मला लाज वाटली. आणि तरी दोनशे एकोणतीस.

४ एप्रिल, शुक्रवार

विचार करून ठरवलं की खोट सावडीत आहे. आमच्या बायका राशीभोवती गोल बसतात. जिचा हात चपळ ती आपलं भरता भरता शेजारणीच्या कॅरेटातही ओंजळ टाकते. ह्याला त्या सावड म्हणतात. जुनी रीत आहे, मीही कधी बोललो नाही. पण त्यामुळे कोण काम करतं आणि कोण बसून खातं ते कळतच नाही. आज सकाळी सावड बंद केली. प्रत्येकीला वेगळी रास, भिंतीकडे तोंड, दोघींत चार हात अंतर.

पंकजा म्हणाली, "नाना, शाळंत बसवलं का आमाला?"

मोनिका म्हणाली, "शाळा तर शाळा, पन मधल्या सुट्टीत डबा तरी एकत्र खाऊ द्या."

सगळ्या हसल्या. मी म्हणालो, हसू नका, हसताना हात थांबतो. मग हसल्या नाहीत.

८ एप्रिल, मंगळवार

एकशे शहाण्णव. मला काही कळत नाही. मोनिकाचे आज चौतीस आहेत, म्हणजे तिच्यात सुधारणा झाली. बाकी सगळ्यांचे कमी झाले. शिवाय दोन भांडणं. पंकजा म्हणते की मोनिका मोठ्या लिंबाची रास आधीच धरून बसते. मोनिका म्हणते की मीच काय, सगळ्याच धरतात. भरलेलं कॅरेट उचलायला कुणी कुणाला हात देत नाही. छबूबाईला ते एकटीला ओढवत नाही, म्हणून मीच ओढत होतो.

आसाराम पाणी प्यायला आला तेव्हा म्हणाला, "नाना, बायकांवर वरडून लिंबू पिवळं व्हत न्हाई."

मी म्हणालो, तू तुझं बघ.

"माझंच बघतोय की. तुमची टोळी माझ्याकडं आली तर ह्या रुसलेल्या बायका मला संभाळाव्या लागत्याल."

तो हसत होता. हा टोमणा होता की काळजी, ते घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

काल आणि आज मी स्वतः निवडायला बसलो. माझा हात अजून चांगला आहे. काल अठरा भरली, आज एकवीस. मॅडमना सांगितलं की माझेही टोळीत धरा. त्या म्हणाल्या, नाना, तुम्ही बसलात तर बाकीच्यांकडे कोण बघणार? मी म्हणालो, मला बघून त्या शिकतील.

संध्याकाळी पुण्याहून फोन आला. कालच्या गाडीतली माझ्या टोळीची चौदा कॅरेट परत येत आहेत. आत मऊ लिंबं निघाली. एक मऊ पडलेलं लिंबू राहिलं की पोहोचेपर्यंत शेजारची चार घेऊन जातं. पूर्वी गाडीत चढण्याआधी मी प्रत्येक कॅरेटात हात घालून बघायचो. काल मी अठरावं भरत होतो.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुमाला मुकादम व्हायचंय का मोनिका?" बायकोला शेडमधलं काही सांगू नये.

१२ एप्रिल, शनिवार

मॅडम आम्हा दोघांना दोन दिवस शिर्डीला पाठवत आहेत. कंपनीचं शिबिर आहे, पुढारपण कसं करावं त्याचं. १६ आणि १७ तारखेला. मी म्हणालो, आसारामला पाठवा, मी दोन दिवस नसलो तर माझी टोळी बुडेल. त्या म्हणाल्या, दोघांनी जायचं आहे. आसारामच्या टोळीला काही होणार नाही म्हणा, ती नाहीतरी आपल्या मनानेच चालते. माझ्या बायकांना मी सगळं दोनदा सांगून ठेवलं. मोनिकाला तिसऱ्यांदा सांगितलं.

१६ एप्रिल, बुधवार. शिर्डी

हॉटेलच्या हॉलमध्ये शिबिर. निरनिराळ्या शेडचे आणि डेअरीचे मिळून वीस जण. सगळ्यांत म्हातारा मी. शिकवणारे राधाकृष्ण सर पुण्याचे आहेत.

मला वाटलं होतं फळ्यावर शिकवतील. त्यांनी एक खेळ खेळायला लावला. मध्ये लाकडी खुंटी, हातात प्लास्टिकची पाच कडी. लांबून टाकून खुंटीत अडकवायची. किती लांब उभं राहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी पार भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. पाचही कडी गेली इकडे तिकडे. एक तर चहावाल्याच्या किटलीवर आपटलं. लोक हसले. दुसऱ्या वेळेला मी इतका जवळ उभा राहिलो की पाचही बसली, पण कुणी टाळी वाजवली नाही. आसाराम ना लांब ना जवळ, मध्येच उभा राहिला. पहिल्यांदा दोन बसली, मग तो अर्धं पाऊल पुढे सरकला आणि तीन बसली. सर त्यालाच बरोबर म्हणाले. पाचपैकी तीन, आणि बरोबर!

सरांनी मला विचारलं, नाना, पहिल्यांदा एवढे लांब का उभे राहिलात?

मी म्हणालो, तिथून बसलं असतं तर नाव झालं असतं.

आणि नंतर एवढे जवळ?

परत चुकू नये म्हणून.

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: काम जमावं ही ओढ, नाव व्हावं ही ओढ, चुकू नये ही भीती. ज्याने त्याने आपण कुठे बसतो ते बघायचं. मी पुष्कळ विचार केला. सकाळी मी पहिल्यात असतो, दुपारी दुसऱ्यात आणि फळ्यावर आकडा लागला की तिसऱ्यात. असं चालतं का, ते विचारायचं राहिलं.

शेवटी सर म्हणाले, ज्याला स्वतः पहिलं यायची सवय असते त्याला दुसऱ्याला पुढे जाऊ देणं जड जातं, आणि मग टोळी मागे राहते. मला हे पटलं. आसारामने हे लक्षात ठेवायला पाहिजे.

१७ एप्रिल, गुरुवार

येताना एसटीत आसाराम शेजारी बसला. म्हणाला, "नाना, तुमी लई कढता. एवढं का जिवाला लावून घेता?"

मी म्हणालो, तुझं वय अडतीस आहे. तुला शेडमधून काढलं तर तू दुसरीकडे जाशील. मला काढलं तर मी ओट्यावर बसेन.

नगर स्टँडला त्याने माझ्यासाठी पेरू घेतले.

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी शेडमध्ये गेलो तर फळ्यावर माझ्या टोळीपुढे १६ तारखेचे दोनशे चाळीस आणि १७ तारखेचे दोनशे पन्नास. आसारामच्या टोळीपेक्षा जास्त. गाडीतलं एकही कॅरेट परतही आलेलं नाही.

आधी आनंद झाला. मग तो कुठे गेला कळलं नाही. मी नव्हतो त्या दोन दिवसांत दोनशे चाळीस आणि दोनशे पन्नास, आणि मी उभा असताना एकशे शहाण्णव. मग नावावर नाव वाचत गेलो. मोनिका चोवीस. पंकजा चोवीस. सगळ्यांचे चोवीस. छबूबाई, चोवीस. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे पंचवीस.

छबूबाईने एकोणतीस वर्षांत चोवीस भरलेली नाहीत. डोळा चांगला होता तेव्हाही नाही.

मोनिकाला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "काई न्हाई नाना, जमलं." आणि सगळ्या खाली बघून निवडायला लागल्या. मला बघून गप्प झाल्या, म्हणजे काहीतरी आहेच.

१९ एप्रिल, शनिवार

मॅडमना सांगून आलो. म्हणालो, माझ्या टोळीचे दोन दिवसांचे आकडे खोटे आहेत. खरं बोलायला मी कधी भ्यालो नाही. आपल्या टोळीचं असलं तरी खोटं ते खोटं, असंच म्हणालो. बाहेर येताना छाती फुगली होती. आता वाटतं, आपल्याशिवाय जमलं ते खोटं निघावं असंही थोडं मनात होतं. हे इथे लिहायला हरकत नाही, कुणी तपासणार नाही.

दुपारी मॅडम खाली आल्या. छबूबाईला विचारलं, चोवीस तुम्ही भरलीत का? ती म्हणाली, "न्हाई बाई, मी एक बी भरलं न्हाई." एकही नाही! मॅडमनी दोन्ही दिवसांचे आकडे पुसून टाकले आणि छबूबाईला सांगितलं, सोमवारपासून येऊ नका.

हे असं होईल याचा मी विचार केला नव्हता. मला वाटलं होतं समज देतील.

छबूबाईने पदराला हात पुसले आणि माझ्यासमोरून गेली. म्हणाली, "येते नाना." रोज म्हणते तशीच.

२१ एप्रिल, सोमवार

एकशे चौऱ्याऐंशी. कुणी भांडलं नाही, कुणी बोललंही नाही. डबा खायला बसल्या तेव्हा माझ्याकडे पाठ होती.

मी मोनिकाला बाजूला घेतलं. म्हणालो, तुम्ही खोटं केलं, आणि माझ्यावर राग का?

ती म्हणाली, "नाना, कॅरेट खरी हुती का न्हाई? दोनशे चाळीस गाडीत चढली का न्हाई? लिंबं काय आमी मातीची केली?"

मग छबूबाईच्या चिठ्ठ्या?

"समदी कॅरेट दहा जणींत सारखी वाटली, तशा चिठ्ठ्या टाकल्या. तिचं काम तिच्या नावावर नको का दिसाया?"

कसलं काम? तिनेच सांगितलं की एकही भरलं नाही.

"तेच तर. तुमी तिलाच इचारा." आणि गेली.

म्हणजे आकडा खरा आणि चिठ्ठ्या खोट्या. तर मग मी मॅडमना खरं सांगितलं की खोटं?

२२ एप्रिल, मंगळवार

छबूबाईच्या घरी गेलो. ती शेळीला पाला घालत होती. म्हणाली, "बस नाना. च्या घेतो का?" मी म्हणालो, घेतो. दूध नव्हतं, कोराच केला.

मी विचारलं, त्या दोन दिवसांत तू काय करत होतीस?

ती म्हणाली, "फिरत हुते. मोनिका म्हनली, आजे, तुला दिसत न्हाई पन तुझ्या बोटांला कळतं. तू निवडू नको, तू नुसती भरलेल्या कॅरेटात हात घाल. मऊ लागंल ते काढ. आमी डोळ्यानं आकार बघतो, दाबून बघायचं काम तुझं. मग त्यांचे हात सुटले. लिंबू दाबाया लागत न्हाई म्हनल्यावर पोरी पळत्यातच."

म्हणजे ती माझंच काम करत होती. गाडीत चढण्याआधी कॅरेटात हात घालायचं. जे मी नववं, दहावं, अठरावं भरण्याच्या नादात सोडलं होतं.

मी म्हणालो, मग हे मला का सांगितलं नाही?

"तू इचारलं कुठं? तू मॅडमला जाऊन सांगितलं."

मी चहा प्यायलो. ती म्हणाली, आता सुनेकडे राशीनला जाईन म्हणते, इथे बसून काय करू. तिकडे सून छबूबाईला कशी वागवते ते सगळ्या गावाला माहीत आहे.

२३ एप्रिल, बुधवार

मॅडमकडे जायचं ठरवलं होतं. त्या फोनवर होत्या.

२४ एप्रिल, गुरुवार

आज त्या फोनवर नव्हत्या. मी दारापर्यंत गेलो आणि गाडी लागली म्हणून परत आलो. गाडी अर्ध्या तासाने लागली.

आत जाऊन काय सांगायचं ते मनात मांडून बघतो आणि अडतो. छबूबाईला परत घ्या म्हणायचं तर ती काय करत होती ते सांगावं लागेल. ते सांगितलं की हे कुणी ठरवलं ते निघणार. मोनिकाने ठरवलं, मी शिर्डीत खुंटीवर कडी टाकत होतो तेव्हा. मग मॅडम म्हणतील, मग नाना, तुम्ही कशाला हवेत? नाही सांगितलं तर पुसलेले चारशे नव्वद गेले, टोळी मागे राहणार आणि मी घरीच. दोन्हीकडून घर येतं. ही म्हणाली, दोन्हीकडून येत असंल तर छबूबाईला घेऊन या.

२५ एप्रिल, शुक्रवार

सांगितलं. उभ्याने सांगितलं, मॅडम बसा म्हणाल्या तरी बसलो नाही. मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. म्हणाल्या, हे मला आधी का कळलं नाही? फळ्यावर भरणाऱ्याचा आकडा येतो, तपासणाऱ्याचा येतच नाही. ही चूक माझी आहे.

मग त्यांनी विचारलंच, "तुम्ही नसताना त्यांनी हे केलं. तुम्ही असताना का नाही केलं?"

मी म्हणालो, मी असताना त्या मला घाबरतात, आणि मी फळ्याला घाबरतो.

त्यांनी पुसलेले आकडे परत लिहिले. छबूबाईला निरोप धाडला. आता हे मी छबूबाईसाठी केलं की चारशे नव्वद कॅरेटांसाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही एकाच दारातून आत गेले.

२८ एप्रिल, सोमवार

छबूबाई शनिवारपासून कामावर आहे. सगळ्या परत गोल बसल्या. मी विचारलं नाही, त्याही बोलल्या नाहीत. मी गाडी लावणं आणि कॅरेट मोजणं एवढंच केलं. हात शिवशिवत होते. एकदा ओरडायला तोंड उघडलं आणि जांभई दिली. शनिवारी दोनशे बावन्न, आज दोनशे सत्तावन्न.

आसाराम म्हणाला, "नाना, आता माझ्या बायका मला म्हनत्यात, नानासारखं गप बसा."

३० एप्रिल, बुधवार

झालं. चांगल्या सहा दिवसांची बेरीज मॅडमनी दोनदा केली. माझी टोळी आसारामच्या टोळीच्या पुढे, अकरा कॅरेटांनी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पंकजाने शिट्टी वाजवली, तिला येते हे मला माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, नाना, अभिनंदन, तुम्ही राहिलात. मुकादम तुम्हीच.

एवढ्याचसाठी महिनाभर अन्न गोड लागलं नव्हतं. आणि ते ऐकलं तेव्हा मी फळ्याकडे बघितलं. परवा फळा पुसणार आणि एकपासून परत सुरू. मला माझी खात्री नाही. आकडा दहाने खाली आला की मी परत त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवीन, हे मला आत्ताच दिसतं.

म्हणून मी म्हणालो, मॅडम, मुकादम मोनिकाला करा. लोकांना वाटलं मी मोठेपणा केला. आसाराम तर पाया पडायला आला. मोठेपणा नव्हता, मी घाबरलो होतो. पण सगळ्यांसमोर ते कसं सांगणार?

मोनिका म्हणाली, "नाना, चेष्टा करता का?"

मॅडम म्हणाल्या, आणि तुम्ही?

मी म्हणालो, मी राशीवर बसतो. मोनिका ठेवत असेल तर.

मोनिकाने छबूबाईकडे बघितलं. छबूबाई म्हणाली, "ठीव गं. हात चांगलाय त्याचा. तोंडाचं बघू."

सगळ्या हसल्या. ह्या वेळेला मीही हसलो, पण का ते सांगता येणार नाही.

घरी आल्यावर हिने विचारलं, "काय झालं? राहिलात का गेलात?"

मी म्हणालो, जिंकलो.

"मग तोंड असं का?"

मी सगळं सांगितलं. तिने चूल सारवून हात धुतले. मग म्हणाली, "म्हंजी हरला न्हाई ना?" मी म्हणालो, नाही. "मग जिंकला कसं म्हनता?" मी म्हणालो, ते फळ्यावर आहे.

उद्या महाराष्ट्र दिनाची सुट्टी. परवा जायचं आहे. मुकादम आठला शेड उघडतो, बायका साडेआठला येतात. मी किती वाजता यायचं ते मोनिकाला विचारायचं राहिलं. आठला गेलो तर तिला वाटेल मी अजून मुकादमकी सोडली नाही. साडेआठला गेलो तर, एकोणतीस वर्षांत मी साडेआठला कधी गेलेलो नाही. सव्वाआठला जावं म्हणतो.